हितचिंतक, दुसरी वेलांटी

आमच्या बिल्डिंगमध्ये मी शिष्ट म्हणून प्रसिद्ध होते. मुलुंडला राहायला आलो तेव्हा मी आठवीत होते, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत मी जिन्यात कुणाशी एका वाक्याहून जास्त बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "इंग्लिश मिडीयमची ना ती, आपल्याशी कशाला बोलेल?" असं पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आईला तोंडावर म्हणायच्या. खरं तर मला बोलायचं असायचं. पण मनात वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस दोन मजले चढून गेलेला असायचा.

यावरचा उपाय मला अचानक सापडला. तळमजल्यावर मराठीचे एक निवृत्त मास्तर एकटेच राहायचे. रोज संध्याकाळी पायरीवर बसून ते पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, तेही शाईच्या पेनानं. चुकलं की खाडाखोड, आणि खाडाखोड झाली की चडफड. एकदा ते आत चहा करायला गेले असताना मी त्यांच्या पेपरावर खोडरबरवाली एक पेन्सिल ठेवली आणि वर पळाले. दुसऱ्या दिवशी नोटीसबोर्डावर मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात सूचना लागली: 'एक पेन्सिल सापडली आहे. मालकाने ओळख पटवून घेऊन जावी.' चार दिवस कुणी ओळख पटवली नाही. पाचव्या दिवशी मी शेजारून जिना चढत होते तेव्हा मास्तरांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एक शब्द खोडला, फुंकर मारली आणि स्वतःशीच "हं" म्हणाले. त्या 'हं'वर मी आठवडाभर खूश होते. एक शब्द न बोलता मी कुणाशी तरी बोलले होते.

मग चटक लागली. वहिनींचे कपडे वाऱ्यानं दोरीवरून उडून खालच्या झाडात अडकायचे, म्हणून त्यांच्या दाराच्या कडीला मी डझनभर चिमट्यांची पिशवी अडकवून आले. वहिनींनी ठरवलं की हा कुठल्यातरी कंपनीचा फुकट नमुना आहे. "वापरू नका हां," त्यांनी सगळ्या बिल्डिंगला बजावलं, "आधी फुकट देतात, मग गळ्यात पडतात." दोन आठवडे त्या सेल्समनची वाट बघत राहिल्या. तो आला नाही तेव्हा जरा नाराजच झाल्या, आणि चिमटे दोरीवर लावले. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची स्टोव्हची पिन मोडली होती. त्यांच्या पत्रपेटीतून नव्या पिनांची पुडी निघाली, तर त्यांनी ती देवापुढे ठेवून मगच वापरली. त्या मालवणच्या. कोण कधी पावेल सांगता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

प्रत्येक वेळी मला पोटात गुदगुल्या व्हायच्या. पकडलं जाण्याची भीती हा त्यातला अर्धा आनंद होता. मी कधी चिठ्ठी ठेवत नसे. तो नियम मोडला आणि माझी वाट लागली.

काकूंची मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. मी तिला ताई म्हणायचे, म्हणजे मनात. बँकेत नोकरी, लांब शेपटा, आणि जिना चढताना चप्पल जोरात आपटायची सवय. बिल्डिंगमध्ये माझ्याकडे बघून दर वेळी "काय गं?" म्हणणारी ती एकटीच. उत्तराची वाट न बघता पुढे जायची, हा तिचा मोठाच उपकार होता.

एका मंगळवारी मी बाल्कनीत कपडे काढत होते. वरच्या बाल्कनीतून आवाज आला.

"जांभळ्या साडीवर लाल टिकली? कार्टून दिसेन मी."

"कुंकू लालच असता. रविवारी ती माणसं तुका बघूक येतली, टिकलीक नाय."

"मग मी तरी कशाला पाहिजे? साडीच बसव ना पाटावर."

काकूंनी रविवारचा बघण्याचा कार्यक्रम कुणाला म्हणजे कुणालाच सांगितला नव्हता. भिंतीला सांगितला नव्हता. पण आमची बाल्कनी त्यांच्या बाल्कनीच्या बरोबर खाली होती आणि काकूंची कुजबुज तीन घरांना पुरेल एवढी होती.

बुधवारी मी स्टेशनजवळच्या बांगडीवाल्याकडून जांभळ्या टिकल्यांचं पाकीट आणलं. पत्रपेटीत टाकायला गेले आणि थबकले. पिना ठीक होत्या. पण तरुण मुलीला निनावी टिकल्या आल्या तर लोक म्हणणार, कुठल्यातरी मुलानं पाठवल्या. ऐन बघण्याच्या आठवड्यात. म्हणजे टिकल्या एखाद्या सज्जन, वयस्क, निरुपद्रवी माणसाकडून आल्यासारख्या दिसायला हव्या होत्या. मी घरी येऊन डिक्शनरी उघडली. 'वेलविशर'समोर छापलं होतं, हितचिंतक. शब्द मला फार आवडला. हित चिंतणारा. वाचलं की डोळ्यांसमोर उपरणं घेतलेले, हसऱ्या चेहऱ्याचे आजोबाच आले.

डिक्शनरी मिटून, ती परत शेल्फवर ठेवून, मी वहीच्या पानावर लिहिलं: 'रवीवारच्या कार्यक्रमासाठी. तुमच्या भल्याकरता. – एक हीतचींतक.'

मराठी मी घरी बोलायचे, लिहायचे मात्र कधीमधी. आणि मराठीत 'एक हितचिंतक' अशी सही नेमकं कोण करतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी कॉलेजमधून आले तेव्हा तळमजल्यावर गर्दी होती. काकू मधोमध, हातात माझी चिठ्ठी. शेजारी वहिनी. आणि दारात मास्तर, कारण काकूंनी त्यांनाच बाहेर बोलावलं होतं. कुंडीतलं पाणी खाली गळण्यावरून त्या दोघांचं महिनाभर वाजलं होतं. मी पहिल्या वळणावर कठड्याला चिकटून उभी राहिले.

"तुम्ही दिवसभर या पत्रपेट्यांपाशी बसून असता," काकू म्हणाल्या. "ही चिठ्ठी कोणी टाकली ते तुम्हाला ठाऊक नाही, असं होईल कसं?"

"काय आहे त्यात?" मास्तर.

"हितचिंतक आहे त्यात. परत आलाय."

वहिनींनी खालच्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, खुलासा केला. त्या दिवशी मला कळलं ते असं. दोन वर्षांपूर्वी ताईचं लग्न ठरलं होतं. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी मुलाच्या घरी एक इनलँड पत्र गेलं. त्यात मुलीबद्दल काहीबाही लिहिलं होतं आणि खाली सही होती, एक हितचिंतक. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. पत्र कोणी लिहिलं ते कळलं नाही. तेव्हापासून त्या घरात बघण्याचा कार्यक्रम म्हणजे बँकेवरच्या दरोड्यासारखा गुप्तपणे ठरायचा.

"आणि बघा ना," वहिनी म्हणाल्या, "टिकल्या जांभळ्या. लाल नाहीत. म्हणजे याला काय सुचवायचंय?"

"इशारा दिलान मेल्यान," काकू म्हणाल्या. "रविवार कुणाला सांगितला नव्हता. त्याला बरोबर कळला. आता तिकडेही पत्र गेलंच असेल."

ताई जरा लांब, भिंतीला टेकून उभी होती. बँकेतून नुकतीच आलेली, खांद्याला पर्स तशीच. चप्पल आपटणारे ते पाय अगदी शेजारी शेजारी ठेवलेले होते. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

मास्तरांनी चष्मा लावला. चिठ्ठी हातात घेतली. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला, आणि मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून चिठ्ठीवर खुणा करायला सुरुवात केली.

"अहो, पुरावा आहे तो," वहिनी म्हणाल्या.

"रविवारच्या 'वि'ला दुसरी वेलांटी. हितचिंतकाच्या 'हि'ला दुसरी. 'चिं'ला पण दुसरी." मास्तरांनी चष्म्यावरून काकूंकडे बघितलं. "बाई, मी कुणाचा घात केला असं तुम्ही म्हणालात तर मी समजू शकतो. आपलं भांडण आहे. पण जन्मभर मराठी शिकवून मी 'हीतचींतक' असं लिहीन, हा आरोप मी ऐकून घेणार नाही."

काकूंनी चिठ्ठी परत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "ते काही असो. रविवारचं रद्द. वहिनी, तुमचा फोन मोकळा आहे ना? तिकडे कळवते, मुलगी आजारी आहे म्हणून." बिल्डिंगमध्ये फोन एकट्या वहिनींकडे होता.

"आई," ताई म्हणाली, "किती वेळा आजारी पडू मी?"

काकू जिन्याकडे वळल्या. म्हणजे माझ्याकडेच. वर जायचा रस्ता माझ्याजवळून होता. मला फक्त बाजूला सरकायचं होतं. मी सरकले असते तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझं तेच तर कौशल्य होतं. पण ताईचे ते पाय अजून तसेच होते. एरवी मनात वाक्य जुळवायला मला दोन मजले लागायचे. तेव्हा चार पायऱ्याच होत्या.

"काकू, तो मी."

"कोण तू?"

"हितचिंतक. म्हणजे ती. मी."

कुणालाच काही कळलं नाही. मग सगळ्यांना एकदमच कळलं. काकूंनी कठडा धरला. "आणि दोन वर्षांपूर्वी? ताही तूच लिवलंस?"

मी मान हलवत होते, पण घाबरल्यामुळे ती उभी हलतेय की आडवी तेच मला कळत नव्हतं. मास्तर मध्ये पडले.

"बाई, ते पहिलं पत्र तुम्ही स्वतः वाचलं होतं?"

"पाठ आहे मला."

"शुद्धलेखन कसं होतं?"

काकूंनी आठवून बघितलं. "एकदम शुद्ध."

"मग ही नव्हे," मास्तर म्हणाले. "हिला जन्मात जमणार नाही."

माझ्या मराठीमुळे माझी सुटका झाली, असं त्याआधी आणि त्यानंतर कधीच घडलं नाही. वहिनी मात्र हळूच मास्तरांकडे बघायला लागल्या. "शुद्ध लिहिणारा म्हणजे..."

"दोन वर्षांपूर्वी मी दादरला राहत होतो," मास्तर घाईनं म्हणाले. "आणि शुद्ध लिहिणारे मुलुंडात आणखी असतील. मला भेटले नाहीत, पण असतील."

तेव्हा भिंतीपाशी काहीतरी आवाज झाला. ताई हसत होती. आधी तोंडावर हात ठेवून, मग पर्स पोटाशी धरून, मग पायरीवर बसून. "जांभळ्या टिकल्या," ती म्हणाली. "अगं, मला त्याच हव्या होत्या." हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिली. काकूंना रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. शेवटी त्या, आवाज ऐकून खाली आलेल्या माझ्या आईवर रागावल्या. "एवढी शिकवलीत मुलगी, एक वेलांटी नाही शिकवलीत."

फोन झाला नाही. रविवारी पाहुणे आले. वरून पोह्यांचा वास, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, नंतर बाल्कनीत दोन माणसांचं बोलणं. मी आत जाऊन खिडकी लावून घेतली. तेवढी अक्कल आता आली होती.

सोमवारी संध्याकाळी ताई गच्चीवर भेटली. गच्चीवरून पलीकडे डोंगर दिसायचे. ती टाकीच्या कट्ट्यावर बसली होती. "काय गं?" म्हणाली आणि या वेळी थांबली.

"आवडला का?" मी विचारलं. दोनच शब्द, पण मीच विचारले.

"बरा होता. बोलायलाही बरा. मग मी त्याला तुझी गोष्ट सांगितली. टिकल्या, मास्तर, वेलांट्या, सगळं. म्हटलं, बघूया हसतो का."

"हसला?"

"नाही ना. गंभीर झाला. म्हणाला, पण त्या पहिल्या पत्रात नक्की काय लिहिलं होतं?" ती डोंगराकडे बघत होती. "मी 'नाही' म्हणून सांगितलं घरी."

म्हणजे शेवटी मी लग्न मोडलंच होतं. मी तसं म्हणाले, अडखळत.

"वेडी आहेस का? लग्नानंतर दहा वर्षांनी विचारलं असतं तर मी काय केलं असतं? टिकल्यांच्या एका पाकिटात कळलं." मग ती माझ्याकडे वळली. "तू नाही विचारलंस."

"काय?"

"पत्रात काय होतं ते."

मला खरोखरच सुचलं नव्हतं. ते मी तिला सांगितलं, तर ती परत हसली.

"आईला मी कारण वेगळं सांगितलंय. मुलगा बुटका आहे म्हटलं. तिला खरं कळलं तर परत त्या पत्राचं सुरू होईल, महिनाभर जेवणार नाही ती. तू गप्प राहायचं. ते तुला जमतं."

मी गप्प राहिले. पुढचे कितीतरी दिवस काकू जिन्यात मला अडवायच्या, कारण आता मी बोलते हे त्यांना कळलं होतं. भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "पाच फूट सहा इंच म्हणजे काय बुटको झालो गो?"

"थोडासा, काकू," मी म्हणायचे.