बरणीत नसलेले जीव

त्यांना सगळी गल्ली कवळीवाले म्हणायची. तीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत मान मोडून बसून त्यांनी लोकांच्या कवळ्या घडवल्या. रस्त्यात कोणी ओळखीचं हसलं, की बायकोच्या कानाशी लागून सांगत, "वरचे दात माझे, खालचे त्याचे स्वतःचे."

मग डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध धुकं बसलं. कडेचं तेवढं दिसे. काम सुटलं. घरी बसून माणूस खचेल म्हणून बायकोनेच त्यांना खाऱ्या पाण्याची लहानशी टाकी घेऊन दिली होती. तीत चार प्रवाळं आणि एक बोटभर मासा. अंगावर निळी-केशरी नक्षी, पण खाण्याच्या बाबतीत महा नखरेल. सुकं खाणं तोंडात धरून थुंकायचा. त्याला कोपेपॉडच लागत, तेही जिवंत. मिठाच्या कणाएवढे ते जीव खाऱ्या पाण्यात टुणटुण उड्या मारत असतात.

कवळीवाल्यांनी ते घरीच वाढवायला घेतले. खिडकीत तीन बरण्या मांडल्या. एकीत शेवाळाचं हिरवंगार पाणी, तो त्या जिवांचा चारा. उरलेल्या दोन्हींत कोपेपॉड, आणि हवेच्या पंपाची बारीक नळी प्रत्येकीत सोडलेली. रोज सकाळी ते तलम कापडातून बरणीतलं पाणी गाळत आणि कापडावर उरलेलं ड्रॉपरने टाकीत सोडत. हात अजून पक्के होते, थेंब सांडत नसे. फक्त शेवटचं काम बायकोचं. ती बरणीमागे टॉर्च धरायची आणि ते विचारायचे, "आहेत का गं?"

"आहेत. नुसती झुंबड आहे."

एका संध्याकाळी डासांनी उच्छाद मांडला म्हणून तिने खोलीत फवारा मारला. पंप खोलीतलीच हवा ओढतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी टॉर्च धरला तर दोन्ही बरण्यांच्या तळाशी पांढुरका गाळ. एकही जीव हलत नव्हता.

"आहेत का?"

"आहेत," ती म्हणाली.

दुपारी तिने शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला गुपचूप फोन केला. जिवंत कोपेपॉडची नवी बाटली आठवड्यात येईल, असं तो म्हणाला. आठवड्याचे तीन झाले. रोज सकाळी कवळीवाले मेलेलं पाणी निगुतीने गाळत, आणि ती शेजारी उभी राहून मान डोलवी. मासा दगडाला टोचे मारत हिंडायचा. त्यांना त्याची निळाई दिसे, वाळलेलं पोट दिसत नसे.

मग त्यांची थोरली बहीण आली. ताईच्या जिभेला हाड नव्हतं. टाकीपाशी वाकून ती म्हणाली, "अरे, याला खायला घालतोस की उपास? नुसता काटा उरलाय."

ताई गेल्यावर कवळीवाले खुर्ची ओढून बसले.

"केव्हापासून?"

तिने सगळं सांगितलं. फवारा, फोन, दुकानदार. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"आणि डॉक्टर? डोळे सुधारतायत म्हणाले, असं तूच सांगितलं होतंस ना?"

ती पदराने टाकीची काच पुसू लागली.

"मला बाहेर बसवून तुला आत बोलावलं होतं. काय म्हणाले?"

"आता सुधारणार नाही म्हणाले. आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ."

"किती दिवस झाले त्याला?"

"वर्ष होईल."

त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली. रागावले असते, दोन शब्द बोलले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी बाटली आली. तिने ती टाकीत अर्धी रिकामी केली. जीव माशाच्या तोंडासमोरून नाचत गेले, त्याने एक-दोनदा तोंड पुढे केलं आणि पुन्हा दगडाला टेकून राहिला. चौथ्या दिवशी तो वाळूवर आडवा पडला.

"गेला हो," ती म्हणाली.

कवळीवाल्यांनी बाही वर सारली. हात पाण्यात घालून वाळू चाचपली, मासा सापडेपर्यंत. तळहातावर घेऊन अंगठ्याने त्याचं पोट हलकेच दाबून पाहिलं. मग तो कागदात गुंडाळून स्वतःच खाली जाऊन कुंडीत पुरून आले. जिना उतरताना तिने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

घरात दोघं पूर्वीसारखीच राहिली. जेवण, औषधं, पेपर वाचून दाखवणं, सगळं वेळच्या वेळी होई. बरण्या तिने धुऊन माळ्यावर ठेवल्या. पुढच्या महिन्यात डोळे दाखवायची तारीख आली तेव्हा ती साडी बदलून तयार होऊन बसली. तेवढ्यात दार वाजलं. ताई आली होती.

"चल रे," ताई म्हणाली.

"तू थांब घरी," कवळीवाले बायकोला म्हणाले. "मी ताईला बोलावलंय."