वरची धार

आमच्या दूधवाल्या सुमनमावशी माप पातेल्यात रिकामं करतात आणि मग किटलीतून वर आणखी एक धार सोडतात. अर्धा लिटर घ्या नाहीतर दोन, धार तेवढीच. इतक्या वर्षांत मी त्या धारेकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं.

परवा माझी मुलगी मीरा समचलनाची गणितं सोडवत होती. सरळ रेषेचं समीकरण समचलनाचं आहे हे ओळखायचं कसं, मी सहज विचारलं.

"सोपं आहे गं. एक्स शून्य धरायचा. वायसुद्धा शून्य आला तर समचलन. काही उरलं, तर नाही."

"म्हणजे आपल्या दुधासारखं. माप दुप्पट, दूध दुप्पट."

"छे! मावशींची वरची धार कुठे गेली?"

खरंच की! मग मला जिथे तिथे ती धारच दिसू लागली. भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीवर दोन मिरच्या ठेवते. शेजारीण आमची वाटी कधी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतेच. घेतल्याच्या प्रमाणात मिळतं त्याचा हिशेब आपण चोख ठेवतो. हे उरलेलं मात्र गृहीतच धरतो.

आज सकाळी आम्ही दोघी गावाला निघालो होतो. मावशींना दारातच सांगितलं, "आज दूध नको हं."

"बरं. पण पातेलं तर आणा. चहा न घेताच निघणार का?"

मापाला हातही न लावता त्यांनी किटली वाकवली.

मीरा मागून कुजबुजली, "आई, एक्स शून्य."

मी पातेल्यात डोकावले. दोघींच्या चहापुरतं दूध होतं.