साडूंची मातीची भिंत

चाकणच्या अख्ख्या पट्ट्यात माझ्या साडूंइतका मातीवर जीव टाकणारा माणूस सापडायचा नाही, आणि पाहुण्यांच्या इतक्या विजारी वाया घालवणाराही. कंपनीतून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. साडूंनी पहार घेतली आणि गावातल्या आपल्या चौकाच्या घरावरचं सिमेंटचं प्लॅस्टर फोडायला काढलं. ते पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच हौसेनं करून घेतलं होतं, याची आठवण दिली तर म्हणायचे, "तवा अक्कल नव्हती, पाव्हणं. आतली भिंत मातीची. सिमेंटखाली तिचा जीव घुसमटला, म्हणून तर ओल धरली." चौकात खड्डा खणून त्यांनी माती, शेण आणि भुसा भिजत घातला. आलेल्या माणसाला चहाआधी त्यात उतरून चिखल तुडवावा लागे. मी एकदा ताथवड्याहून कामावरून थेट गेलो, तर बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही. स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या बरण्यांत वेगवेगळ्या शेतांतली माती पाण्यात ढवळून ठेवलेली. कुठल्या मातीत वाळू किती, हे म्हणे थर बघून कळतं. चुन्यात घालायला गुळाची ढेप आली, तेव्हा मात्र ताई, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणी, कडाडल्या, "भिंतीला गूळ, आन मला बिनसाखरेचा चहा!"

मग एका सकाळी मागच्या भिंतीचा नवा गिलावा भेगा पडून सगळाच्या सगळा खाली आला. ताईंचा फोन आला म्हणून धावत गेलो, तर साडू ढिगाऱ्याशेजारी बसलेले, सकाळपासून पोटात अन्न नाही. "हरलो, पाव्हणं. उद्या सिमेंटवाल्याला बोलावतो."

ताईंनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी कुस्करलं. "भुसा कमी पडला. आन माती मुरायच्या आधीच लावली. माहेरी दर साली भिंती लिंपायचो आमी."

"मंग आधी का न्हाई सांगितलंस?"

"इचारलं का कधी?" ताईंनी पदर खोचला आणि खड्ड्यात उतरल्या. त्या दिवसापासून मिस्त्री त्या आणि बिगारी साडू.

परवा गेलो होतो. भिंत हात फिरवावा इतकी मऊ दिसत होती. ताई नुकत्याच चौक सारवून आत गेल्या होत्या. साडूंनी मला कोपऱ्यात ओढलं.

"कसा येतो वास?"

"छान येतो की."

"छान म्हंजी कसा, ते सांगा." ते आवाज खाली आणून म्हणाले, "सगळी नोकरी कंपनीच्या पेंटशॉपमधी, रंग मारन्यात गेली. थिनरनं नाक कवाच गेलंय. हिला म्हाईत न्हाई. सारवून झालं की इचारते, येतोय का वास? मी आपला व्हय म्हणतो."

मी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि सुचेल ते सांगू लागलो. ओलं गवत. सकाळचा गोठा. नुकतंच पाणी दिलेला मेथीचा वाफा. साडू ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते.

"जरा सावकाश," ते म्हणाले. "आज तिनं इचारलं, तर नुसतं व्हय म्हणायचं न्हाई मला."