गच्चीवरचा मुका सिनेमा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. दर रविवारी संध्याकाळी ते गच्चीवर चादर टांगतात आणि शंभर वर्षांपूर्वीचा एक मुका विनोदी सिनेमा पोरांना फुकट दाखवतात. फुकट म्हटलं की मला संशय येतो. त्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी.

"याचे हक्क कोणाकडे आहेत?" मी एकदा विचारलं.

"संपले. आता तो सगळ्यांचा." बोलताना ते समोरच्याकडे बघत नाहीत, चष्मा पुसत राहतात.

मग एक गोष्ट खटकली. सिनेमा लावला की हे आधी आवाज बंद करतात आणि पडद्यावरचा जाड्या हवालदार आपटला की स्वतःच बिस्किटांचा पत्र्याचा डबा बडवतात. आवाजात असं काय लपवायचंय यांना? चोरीचाच माल असणार! पुढच्या रविवारी मी पुरावा म्हणून अख्खा खेळ मोबाइलवर शूट केला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "याला परवानगी आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. चष्मा नाकावरच होता.

"सिनेमा जुना आहे, पण त्याला संगीत आत्ता-आत्ता कोणीतरी लावलंय. ते त्याच्या मालकीचं, म्हणून मी बंद ठेवतो."

"मग हे आधी सांगायचं ना!"

"तुमच्या व्हिडिओत डबा मी वाजवतोय," पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघत ते म्हणाले. "मला विचारलं होतंत?"