काचेवरचा दाणा

मळीचा वास आला की मला इंदापूरकडच्या साखर कारखान्यातली एक दुपार आठवते. माझे काका तिथे पॅनमन होते, म्हणजे पाक आटवून त्यात साखरेचा दाणा तयार करायचे. परदेशातल्या एका कारखान्याने त्यांना नोकरी देऊ केली होती, पण कौशल्याचा पुरावा नाही म्हणून व्हिसा नाकारला गेला. तो कारखाना अपील करणार होता आणि त्यासाठी काकांच्या कामाचं सविस्तर वर्णन आठ दिवसांत हवं होतं. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून ते लिहिणं माझ्याकडे आलं. “दाणा झाला हे कसं कळतं?” मी वही उघडून विचारलं. “कळतंय की,” काका म्हणाले. एवढंच कसं लिहिणार? मग त्यांनी मला पॅनपाशीच नेलं. तिथल्या उकाड्यात त्यांनी पाकाचा थेंब काचेवर घेतला, उजेडाकडे धरला, बोटांत चोळला. “बारीक हाय अजून. थांब.” मला नुसता चिकट पाक दिसत होता. “तात्या, त्या व्हिसावाल्या सायबालाच बोलवा की हितं!” शेजारचा कामगार काकांकडे बघून हसला. थोड्या वेळाने काकांनी पुन्हा काच पुढे धरली, तर तिच्यावर एकसारखे दाणे चमकत होते. “आत समदं असंच हाय आता,” ते म्हणाले. मी बघतच राहिले. त्या रात्री लिहिलेली चार पानं मी त्यांना मराठीत सांगितली, तेव्हा ते हळूच म्हणाले, “एवढं समदं येतंय व्हय मला?” अपील मंजूर झालं, काका परदेशी कामाला गेले. आता ऑफिसात मी रोज इंग्रजी लिहिते, पण तितक्या आदराने पुन्हा काही लिहिलेलं नाही.