पिलावरची मरळ

पडद्याशी भांडणारा माणूस मी एकच पाहिला. इतर लोक खेळात हरले की चिडतात. भुयारकर जिंकला की चिडायचा. एखाद्या गाजलेल्या खेळातला अवाढव्य राक्षस त्याच्या हातून मेला, की तो कंट्रोलर टेबलावर ठेवायचा आणि त्या मेलेल्या राक्षसाकडे बोट दाखवून विचारायचा, "ह्यो इथं काय करायला होता? ह्या घरात कुणी ऱ्हायलंय असं वाटलं का तुला? निस्ता मरायसाठी बसवलाय." आणि मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाशी धड बोलायचा नाही.

भुयारकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. नाव दिनकर, गाव येलदरी, वडील धरणाच्या वीजघरात नोकरीला होते. आम्ही दोघं परभणीत स्टेशन रोडवरच्या एका ऑफिसात गेम बनवायचो. कंपनी पुण्याची. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य आमचे साहेब प्रत्येक भेटीत म्हणायचे, पण त्यांना परभणी आवडायची ती इथे माणूस स्वस्तात मिळतो म्हणून. खेळ मोकळ्या रानाचा होता. डोंगर, नद्या, गावं, खेळणाऱ्याने वाटेल तिकडे भटकावं, आणि भटकता भटकता त्याला जमिनीखालची भुयारं सापडावीत. भुयारात कोडी, सापळे, बंद दारं, आणि शेवटच्या दालनात एक भयंकर प्राणी. अशी भुयारं रचणं दिनकरचं काम, त्यांत प्रोग्रॅमिंगचा जीव भरणं माझं. म्हणून तो भुयारकर. नव्या अकाउंटंटने दिवाळीच्या मिठाईच्या डब्यावरही हेच आडनाव लिहिलं होतं आणि त्याने तो डबा निमूट घेतला होता.

शेवटच्या त्या प्राण्याला सगळी दुनिया बॉस म्हणते. भुयारकरला तो शब्द चालत नसे. तो मालक म्हणायचा. "बॉस म्हंजे पुण्याचे साहेब. भुयारात ऱ्हातो तो मालक. आपण त्याच्या घरात घुसलोय, त्यानं आपल्याला बोलावलं न्हाई. एवढं तरी ध्यानात ठेवा." त्यामुळे त्याच्या भुयारात आधी मालकाच्या वस्तू भेटायच्या. कुठे त्याने अंग घासून गुळगुळीत केलेला खांब, कुठे अर्धवट खाल्लेलं काहीतरी. मालक समोर येईपर्यंत तुम्हाला त्याच्याबद्दल बरंच कळलेलं असायचं आणि तलवार उपसताना थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. त्याला नेमकं तेच हवं असायचं.

त्याचं एक वाक्य आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. भुयारानं शिकवायचं, मालकानं विचारायचं. म्हणजे वाटेत खेळणाऱ्याला जी युक्ती हळूहळू अंगवळणी पडली, तिचीच कसोटी शेवटी लागली पाहिजे. पुण्याच्या एका डिझायनरने पाठवलेल्या भुयारात सगळीकडे आरसे फिरवून उजेड वळवायचा होता, आणि शेवटी एक रेडा यायचा, त्याला नुसतं बदडायचं. भुयारकरने व्हिडिओ कॉलवर, साहेबांच्या देखत, त्या माणसाला सांगितलं, "शिकवलं पोहायला अन् परीक्षा घेतली कुस्तीची. लेकरू नापास झालं तर चूक कुणाची?" साहेब हसले, पण तो रेडा तसाच राहिला. नंतर तोच रेडा रंग बदलून आणखी भुयारांत बसवला गेला, कारण साहेबांना खेळाच्या जाहिरातीत भुयारांचा आकडा मोठा हवा होता. मला आजही लाल रेडा, हिरवा रेडा आठवला की दात-ओठ खावेसे वाटतात.

नवीन भुयार तयार झालं की भुयारकर ऑफिसबाहेरचं कुणीतरी पकडून आणायचा आणि खेळायला बसवायचा. स्वतः मागच्या खुर्चीत, तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही हा त्याचा नेम, आणि खडा संपत आला की दुसरा टाकायचा. एकदा त्याने माझ्या वडिलांना बसवलं. बाबा निवृत्त कारकून, त्यांनी आयुष्यात पत्त्यांपलीकडे खेळ खेळलेला नाही. पाण्याने भरलेल्या एका दालनात ते इतके अडकले की मलाच राहवेना. मी "बाबा, वर—" एवढंच म्हटलं तर भुयारकरने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने बाबांना आपलं आपणच कळलं की दरवाजा वर उचलला तर इकडचं पाणी तिकडे जातं आणि खालची वाट मोकळी होते. त्यांनी टेबलावर थाप मारली. भुयारकरने खडा गालात सरकवून म्हटलं, "काका, हे तुमचं हाय आता. हिनं सांगितलं असतं तर हिचं झालं असतं." बाबा पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याचं ते कोडं समजावून सांगत होते.

बाबा अडकले ते भुयार त्याच्या जिवाचं होतं. त्यात वीजघर होतं, पाण्याचे दरवाजे होते, पाणी चढवत-उतरवत एकेका मजल्यावर जायचं होतं. आणि तळाच्या डोहात मालक म्हणून एक मरळ. मरळ मासा आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण येलदरीच्या भोई मित्रांबरोबर भुयारकर लहानपणी जलाशयावर हिंडलेला, म्हणून त्याला तिची रीत माहीत होती. अंडी फुटली की लालसर पिलांचा थवा पाण्याच्या वरच्या अंगाला फिरतो आणि त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. जवळ जाल तर अंगावर येतात. तेव्हा ती पकडायला सगळ्यात सोपी असते, आणि त्याच्या ओळखीच्या भोयांत नियम होता की पिलावरची मरळ मारायची नाही. जाळ्यात आली तरी सोडायची. "भुकेला माणूस पण सोडतो," तो म्हणायचा, "त्याला कुणी शिकवायला गेलतं का?"

त्या डोहात तुम्ही उतरलात की घराएवढी मरळ अंगावर यायची. तुम्ही तिच्याशी लढून तिला मारू शकत होता. त्याने ती वाट बंद केली नव्हती. पण पाण्यात नीट पाहिलंत तर तिच्या पाठीवर लालसर ठिपक्यांचा थवा दिसायचा. आणि सगळ्या भुयाराने तुम्हाला एकच गोष्ट शिकवलेली असायची, पाणी चढवून दार उघडायची. ती केलीत की मरळ पिलं घेऊन नदीत निघून जायची, डोह शांत व्हायचा आणि तुम्ही जिंकलेले असायचात. कुठे दिशा दाखवणारा बाण नाही, सूचना नाही. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मला रडू आलं, आणि ते दार चालवणारा प्रोग्रॅम तर मीच लिहिला होता.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला भुयारकर येलदरीला गेला आणि त्याच आठवड्यात खेळ बाजारात आला. पुण्याच्या तपासणाऱ्यांनी शेवटच्या क्षणी एक दोष कळवला होता: बॉस पळून जातो. कुणीतरी तत्परतेने तो दुरुस्त केला. दार कायमचं बंद. त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही की फोन उचलून विचारावं, मासा का जातो? त्यांनी मरळ बाजारात कापून ठेवलेलीच पाहिली असणार.

परत आल्यावर त्याने खेळ उघडला, डोहापर्यंत गेला, दाराची कळ फिरवली. काही झालं नाही. त्या दिवशी तो पडद्याशी भांडला नाही, तिथेच मला काळजी वाटायला हवी होती. उठला आणि पुण्याची गाडी पकडून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. साहेब म्हणाले, "दिनकर, लोकांना जिंकायचं असतं. मासा निघून गेला तर जिंकल्यासारखं वाटत नाही." हा म्हणाला, "बाजारात सुरी घेऊन बसलेल्याला बी जिंकल्यासारखं वाटतंय का मग?" साहेबांनी पुढच्या अपडेटमध्ये बघू म्हणून त्याला चहा पाजला.

पुढचं अपडेट आलं, त्याच्या पुढचं आलं. खेळ अखेर पुण्यातच बांधला जायचा, आम्ही पाठवलेलं त्यांनी घेतलं तर घेतलं. मी ते दार उघडून पाठवत राहिले आणि ते बंद होऊन परत येत राहिलं. घोड्यांना नवी खोगिरं आली, तलवारींना सोन्याच्या मुठी आल्या, पैसे देऊन विकत घ्यायच्या. दारासाठी मात्र कुणाला वेळ नव्हता. भुयारकर रोज विचारायचा, "उघडलं का?" मी नाही म्हणायचे. त्याची आई येलदरीला एकटी, तिने कितीदा म्हटलं, तू काय करतोस ते मला दाखव एकदा. हा तिला सांगायचा, "दार उघडलं की दाखवतो."

छातीत दुखायचं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पित्त म्हणून गोळ्या खात राहिला. चाळिशीही गाठली नव्हती. गावी गेला असताना कळ आली, आणि जिंतूरच्या दवाखान्यातून परभणीला आणेपर्यंत गाडीतच गेला. मला कंपनीचा राग आहे तितकाच त्याचाही आहे. सगळ्या जगाच्या चुका मोठमोठ्याने दाखवणाऱ्या माणसाने स्वतःच्या छातीबद्दल तेवढं तोंड मिटून बसावं, हा कुठला शहाणपणा? हे त्याला तोंडावर सांगायचं राहिलं.

शोकसभेला साहेब परभणीला आले. फोटोला हार घातला, डोळे पुसले, आणि म्हणाले की कंपनीने दिनकरला कायमचं अमर करायचं ठरवलं आहे. खेळातल्या त्या मरळीला आता त्याचं नाव. जगभरचे खेळाडू त्याच्या नावाशी झुंजतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हटलं, "साहेब, नाव नको. दार उघडा." ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, भावनेच्या भरात आहात तुम्ही." होतेच मी. राजीनामा लिहून त्यांच्या हातात दिला तेव्हाही होते, आणि आजही आहे.

गेल्या महिन्यात येलदरीला काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, भेटायला गेले. लॅपटॉप नेला होता. नेऊ की नको यावर मी बराच विचार केला होता, पण काकूंनी स्वतःच विचारलं, "दिनूनं केलेलं हाय का तुझ्याकडं? दाखव की माय. मला दाखवतो दाखवतो म्हणायचा अन् न्हाईच दाखवलं."

दुपारी ओसरीत बसून मी त्यांना ते रान दाखवलं. मग भुयारात नेलं. दरवाजे, यंत्रं, पाणी बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. "हे तर यांचं पावर हाऊस हाय. ही जिना चढायची जागा बी तीच." मी थांबू का विचारलं. नको म्हणाल्या. आम्ही डोहात उतरलो. मरळ वर आली आणि तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली. काकू चौथी शिकलेल्या, त्यांनी सावकाश वाचलं, "दि-न-कर. नाव दिलंय व्हय त्याचं?" मी हो म्हटलं. नावाखाली लाल पट्टी होती. ती कशाची, त्यांनी विचारलं.

"जीव आहे त्याचा. आपण वार केला की कमी होतो."

त्या आणखी जवळ सरकल्या. त्यांचे डोळे आता तितके चांगले नाहीत, पण ठिपके त्यांना लगेच दिसले. "पिलावर हाय की गं. मारू नगं. जाऊ दे त्याला."

"जाता येत नाही काकू. दार बंद केलंय."

"कुणी?"

मला उत्तर देता आलं असतं. कंपनीचं नाव होतं, साहेबांचं होतं. पण ती नावं त्या ओसरीत उच्चारायची माझी इच्छा झाली नाही. मी कळांवरून हात काढून घेतले. मरळ आली, तिने मला एक धडक दिली, मग दुसरी, आणि मी नुसती बसून राहिले. पडद्यावर अक्षरं आली, तुम्ही हरलात.

काकूंनी ती वाचली. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मला बरं वाटलं नाही. आणखी कुणीतरी कुठेतरी आत्ता त्या डोहात उतरत असेल, हातात सोन्याच्या मुठीची तलवार घेऊन, आणि दिनकर तिथेच असेल, पिलं पाठीशी घेऊन, बंद दारापुढे.