चोच छाटलेले बूट

डांबर, ओले चामडे आणि नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचे मेण, या तिन्हींचा मिळून एक वास आमच्या मधल्या खोलीतील कपाटाच्या तळाशी राहत असे. उन्हाळ्यात कपाट उघडले की तो आधी थंड लागे आणि मग घशाशी कडवट उतरे. अण्णाच्या बुटांचा वास होता तो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहून आमच्या मराठीत कानडी नाती इतकी मुरली होती, की 'दादा' हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही.

साठीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. अण्णा हिमालयाच्या एका खोऱ्यात बर्फ मोजण्याच्या नोकरीवर होता. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून उतारांवरून घसरत जायचे, किती बर्फ साचला आणि त्याचे पाणी किती होईल ते वहीत उतरवायचे. नॉर्वेहून आलेल्या एका पाहुण्याने त्याला ती विद्या शिकवली आणि जाताना आपले जुने बूट दिले. पुढे कार्यालयाकडून नवे मिळाले, म्हणून मागच्या दिवाळीत जुने तो घरी ठेवून गेला. विलक्षण होते ते बूट. तळव्याचे टोक बोटांच्या पुढे चपट्या चोचीसारखे बाहेर आलेले, आणि त्या चोचीत तीन भोके. पट्टीवरच्या खुंट्या त्या भोकांत बसत. पाय पुढून जखडलेला, टाच मात्र उचलायला मोकळी.

"एका मोज्यावर घातले तर रक्त काढतात," तो वहिनीला म्हणाला होता. "आत सुती, वर लोकरी. त्याशिवाय हे कुणाचं ऐकत नाहीत. तुझ्यासारखेच."

"माझ्यासाठी कधी दोन मोजे चढवलेत तुम्ही?" वहिनी म्हणाली होती, आणि अप्पा, आमचे वडील, पेपराआड हसले होते.

त्याच दिवाळीत त्याने मला वसंतातल्या बर्फाबद्दल सांगितले. "दोन स्वभावांचा असतो तो. पहाटे शहाबादी फरशी, दुपारी भिजवलेला साबुदाणा. उन्हाच्या आधी निघायचं आणि त्यानं गाठायच्या आत पोचायचं."

पौषात तार आली. वरचा बर्फ कोसळला होता. बरोबरचे दोन मजूर सापडले. अण्णा सापडला नव्हता.

चैत्रात त्याच्या कार्यालयाचे पत्र आले. बर्फ उतरू लागला आहे. एका उतारावर लाकडी पट्टीचे टोक दिसले आहे. तीन आठवड्यांनी पथक वर जाईल. घरचे कोणी येऊ शकल्यास बरे, मात्र शेवटचे आठ मैल पायी आहेत आणि त्यांतील काही बर्फातून. कोणी न आल्यास जे करायचे ते पथक तेथेच उरकील.

घरचे कोणी! आई केव्हाच गेली होती. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, दिवाळीनंतर दिसणे जवळजवळ गेले होते. वहिनीला सातवा महिना होता. उरले मी, एकोणीस वर्षांची, कवितेच्या तासाला डोळे मिटून बसणारी, लालबागेच्या पलीकडे कधी पायी न गेलेली.

आणि भटजींनी सांगून ठेवले होते, घरच्या माणसाने ओळखल्याखेरीज तो गेला असे ते धरणार नाहीत. हरवलेल्यासाठी बारा वर्षे वाट पाहायची.

एके सकाळी वहिनी आरशापुढे बसली होती. कुंकवाचे बोट कपाळाजवळ येऊन थांबले होते.

"वन्सं," आरशातूनच ती म्हणाली, "हे लावताना वाटतं, मी खोटं बोलतेय. पुसावं म्हटलं तर वाटतं, मीच मारते आहे त्यांना. तुम्ही बघून या. जे असेल ते असो. मला बारा वर्षं नकोत हो."

मी त्याच संध्याकाळी अप्पांना विचारले.

"एक दिला त्या बर्फाला," ते म्हणाले. "दुसरं देणार नाही."

अण्णाचे गरम कपडे त्यांनी तार आली त्या आठवड्यातच ट्रंकेत घालून कुलूप लावले होते, किल्ली जानव्याला. निदान लोकरी मोजे तरी द्या म्हटले, तर "ते त्याचे आहेत" एवढेच बोलून त्यांनी कूस बदलली. बूट मात्र कपाटात होते, आणि कपाटाला कुलूप नव्हते.

रोज सकाळी मी ते घालून अंगणात फेऱ्या मारू लागले. दोन बोटे मोठे होते. चोच उंबऱ्याला अडे, तुळशीच्या कट्ट्याला अडे. मी कितीदा तरी गुडघ्यांवर आपटले.

"वन्सं, अंगणातून बदक चाललंय की हो!" वहिनी म्हणाली आणि हसली. पौषापासून पहिल्यांदाच. हसता हसता ती दाराच्या चौकटीला टेकली आणि तोंडात पदर कोंबून आत निघून गेली.

बूट आतून घट्ट करून घ्यावेत म्हणून मी ते बळेपेटेच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या चांभाराकडे नेले. "स्वल्प लहान करून दे," एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी गेले, तर गोणपाटावर बूट चकचकीत होऊन बसले होते. आणि त्यांना चोच नव्हती.

"हे काय केलंस?" मी कानडीत ओरडले.

"पुढचं जास्तीचं काढलं, अक्का. कुणी नवशिक्यानं केलेले दिसतात, तळ कापायचाच राहिला होता. वर तीन भोकं पाडून ठेवलेली! आता बघा, माणसाचा बूट झाला."

"अरे, तो विचारील ना मला! आता पट्टी कशाला अडकवील तो?"

"कोण विचारील, अक्का?"

त्याच्या आवाजात चौकशीखेरीज काही नव्हते. शेजारच्या दुकानात कॉफी भाजली जात होती. तो करपट, गोडसर धूर माझ्या तोंडात भरला. पत्र आल्यापासून मी स्वतःला सांगत आले होते, की मी अण्णाला ओळखायला निघाले आहे. पण मनाच्या तळाशी, त्या कपाटातल्या वासासारखे, दुसरेच काही दडून राहिले होते. तो उंबऱ्यात उभा राहील, बूट मागेल. चांभाराच्या रापीने चोच नव्हे, ते छाटले होते.

"सरी, बरं, अक्का, परत शिवून देऊ का?" म्हातारा घाबरून विचारत होता.

"नको," मी म्हणाले. "ते तुकडे तेवढे दे."

घरी येऊन मी ते दोन अर्धगोल तुकडे अप्पांच्या तळहातावर ठेवले आणि काय झाले ते सांगितले. त्यांनी अंगठ्याने एकेक भोक चाचपले. तीन; पुन्हा तीन. 

"रविवारी नंदीदुर्ग," शेवटी ते म्हणाले. "पायऱ्यांच्या वाटेनं वर, आणि त्याच वाटेनं खाली. याच बुटांत. कुणाचा हात धरायचा नाही. मग विचार मला."

पहाटेच्या बसने देवनहळ्ळी मागे टाकून आम्ही पायथ्याशी उतरलो तेव्हा ऊन कोवळे होते. अप्पा चिंचेखाली बसले. मी सुती मोज्यांवर आणखी एक सुती जोडी चढवली होती. पहिल्या पायऱ्यांवर तळहात टेकला, तर दगडात रात्रीचा गारवा होता. अण्णाची पहाटेची फरशी. चोच गेल्यामुळे पाय कोठे अडत नव्हता. पण प्रत्येक पायरीला टाच आत सुटे, वर सरके, घासे. अर्ध्या वाटेवर मोळ्या घेऊन दोन बायका अनवाणी खाली येत होत्या.

"पलटणीत नाव घातलंस काय ग?" एकीने विचारले.

"नवरा पळाला असेल, त्याला धरायला चाललीय," दुसरी म्हणाली, आणि दोघी खिदळत, डुलत उतरून गेल्या.

माथ्यावर पोचले तेव्हा दगड तापला होता. पाणी प्यायले आणि लगेच वळले, कारण थांबले असते तर बूट काढले असते. उतरताना बोटे पुढे चेचली जाऊ लागली. चामड्याचा तळ दगडावरून निसटे. दोनदा घसरून खाली बसले. डावा मोजा आधी ओला झाला, मग चिकट. समोरची वाट पांढरी होऊन हलू लागली आणि मी मोठ्याने अण्णाशी भांडू लागले: का गेलास, कुणासाठी मोजत होतास ते पाणी, आम्हाला इथे घागरीभर पुरत होते. रडतच खाली आले. चिंचेच्या अलीकडे डोळे पुसले, पाय सरळ टाकले आणि अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले.

ते उठले आणि माझ्या मागून बसकडे चालू लागले.  वाटभर त्यांची मान माझ्या पावलांच्या दिशेने झुकलेली होती, आणि मला कळले की डोळे गेलेल्या माणसापासून लंगडणे लपत नाही.

घरी वहिनीने कोमट पाण्याचे घमेले आणले, अवघडत खाली बसून नाड्या सोडल्या. मोजा टाचेला चिकटला होता. तो ओढताना तिने माझ्याऐवजी स्वतःचा ओठ चावला. पाणी तांबडे झाले.

"संपलं, वहिनी," मी म्हणाले. "ते आता नाही जाऊ देणार."

भिंत चाचपत अप्पा आले. वाकून त्यांनी जमिनीवर पडलेला मोजा उचलला, दोन बोटांत चोळला, बोटे नाकाशी नेली.  ते तसेच माघारी वळले. आतून जानव्याला बांधलेली किल्ली कुलपाशी झगडल्याचा आवाज आला, मग ट्रंकेचे झाकण, मग डांबरगोळ्यांचा वास. परत आले तेव्हा त्यांच्या हातांत करड्या लोकरीची जाड घडी होती. माझे गुडघे शोधून त्यांनी ती त्यांवर ठेवली आणि म्हणाले,

"मोजे."